ऑर्व्हलची न ठरलेली बंदूक

एल्क समोर उभा होता, दोनशे वारांवर, पूर्ण आडवा. घोड्याएवढं हरीण, डोक्यावर झाडच उगवल्यासारखी शिंगं. आणि आमच्या ऑर्व्हलच्या बंदुकीत गोळी शिरत नव्हती.

सीझनचा शेवटचा रविवार. थंडी अशी की ट्रकचं दार हाताला चिकटत होतं. सोबत शेजारचा गॅलन. गॅलनचं जनावर आधीच पडलेलं, परवाना संपलेला, म्हणून तो मोकळ्या हातानं आलेला, नुसता मांस वाहायला. आणि गॅलनचा एक नियम आहे, डोंगर चढताना बंदूक रिकामी. त्याच्या चुलतभावानं एकदा घसरून स्वतःच्याच पायात गोळी घालून घेतली होती, तेव्हापासूनचा. जागेवर पोचायचं, बसायचं, मगच भरायची. ऑर्व्हल वाटेत दम खायला इतक्यांदा थांबला की हे दोघं कड्यावर पोचले तेव्हा एल्क आधीच येऊन उभा.

ऑर्व्हलनं जॅकेटच्या खिशातून काडतूस काढलं, घातलं. जाईना. दुसरं काढलं. तेही जाईना.

"उलटं घालतोयस काय?" गॅलन कुजबुजला.

"गप रे!"

तिसरं त्यानं डोळ्याजवळ धरून बघितलं, आणि मग कळलं. हातात बंदूक सिक्स-फाइव्ह, बारीक बोअरची, म्हणजे नळीचं भोक अरुंद. खिशात काडतुसं थ्री-हंड्रेडची, जाडजूड, गेल्या वर्षीच्या बंदुकीची. ती बंदूक त्यानं हिवाळा संपता संपताच विकून टाकली होती.

एल्क बिचारा थांबला. पासपोर्टच्या फोटोला उभा राहिल्यासारखा थांबला. मग त्यालाच कंटाळा आला आणि तो झाडीत गेला.

ऑर्व्हल बर्फात खाली बसला. गॅलनला वाटलं आता शिव्यांचा पाऊस पडणार. तर हा एवढंच म्हणाला, "हॉगनच्या दुकानात कळू देऊ नको. शप्पथ घे."

"घेतली बाबा, ऊठ आता."

ऑर्व्हल उठला नाही. एका अंगावर कलंडला होता तो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं होतंच की त्याच्यात. रोज सकाळी बायको, मार्लिस, उठायच्या आधी तिची गाडी गरम करून काचेवरचा बर्फ खरवडून ठेवायचा, लग्न झाल्यापासून. जन्मभर सरकारी नांगरानं रस्त्यावरचा बर्फ लोटला आणि एकाही माणसाला खड्ड्यात पडलेलं सोडून पुढं गेला नाही. पण बंदुकीचा बोअर हा विषय निघाला की देवानं त्या डोक्यात जेवढी अक्कल घातली होती तेवढी सगळी गळून जायची.

त्याचं दुखणं असं. उन्हाळ्यात आमच्याकडं खडीच्या खाणीत हजार वारांवर लोखंडाची ताटली टांगतात आणि शनिवारी सगळे तिच्यावर नेम धरतात. ताटलीला लागते बारीक, लांबट, वाऱ्याला भीक न घालणारी गोळी. पानगळीत एल्क. एल्कला लागते जड, हाड फोडून आत जाणारी. शहाणी माणसं दोन बंदुका ठेवतात, नाहीतर एकच ठेवतात आणि गप्प बसतात. ऑर्व्हलला एकच हवी होती, दोन्हीकडं पहिला नंबर काढणारी. म्हणजे नाचायलाही तीच आणि नांगरालाही तीच!

त्याच्या बापाकडं एक थर्टी-ऑट-सिक्स बोअरची होती, तिच्यावर बापानं सहा पोरं पोसली. ऑर्व्हलनं पहिली विकली ती तीच. "जुनी झाली," म्हणाला. मग सेव्हन मॅग घेतली. तिचा आवाज फार, म्हणून टू-सेव्हंटी. ती वाऱ्यात वाहते, म्हणून परत सेव्हन मॅग, तीच, स्वतःचीच, हॉगनकडून, चढ्या भावानं.

हॉगन म्हणजे गावातला बंदूकवाला. म्हातारा, पण जीभ तरुण. दुकानात कॉफीचं भांडं दिवसभर चालू, आणि त्याच्याभोवती पाच-सहा रिकामटेकडे. ऑर्व्हल आत आला की हॉगनला दिवाळी. म्हणजे आमच्याकडचा ख्रिसमस.

"काय घेतलंस या वर्षी, ऑर्व्हल? सिक्स-फाइव्ह? अरे ती पोरींना साखरपुड्यात देतात."

"हजार वारांवर वाजवली मी ताटली तिनं."

"ताटली पळत नाही रे. एल्कला ती गोळी लागली की तो मागं वळून बघतो, कोणी हाक मारली म्हणून."

की झालं. ऑर्व्हल रात्रभर पलंगावर पडून मार्लिसला गोळीचं वजन, वेग, हजार वारांवर ती किती खाली उतरते ते सांगणार, आणि आठवड्यात सिक्स-फाइव्ह हॉगनला स्वस्तात देऊन थ्री-हंड्रेड घरी आणणार. ती थ्री-हंड्रेड तर गाढवासारखी लाथ मारायची. पहिल्याच बाराला बंदुकीवरची दुर्बीण मागं आली आणि भुवईवर अर्धगोल काप गेला. महिनाभर गाव विचारत होतं, "ऑर्व्हल, दुर्बिणीनं मुका घेतला का रे?"

आणि एवढ्या सगळ्या बंदुकांनी मिळून एल्क किती मारले? एकही नाही. कधी बोअर लहान पडला, कधी मोठा, कधी ऐन वेळी हा अंतराचं गणित करत बसला आणि जनावर निघून गेलं. मार्लिस मुकाट्यानं दुकानातून गाईचं मांस आणून फ्रीजरात भरायची आणि वर कागदावर काही लिहायची नाही, म्हणजे त्याला ‘गाय’ असं वाचायला लागू नये.

मग गेल्या वसंतात त्याच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. डॉक्टर म्हणाला, एक-दोन हिवाळे काढेल, जपलं तर. मार्लिस बाहेर बाकावर बसलेली. आत हे दोघं अर्धा तास. तिला वाटलं, संपलं सगळं, काहीतरी भयंकर सांगत असणार. दार उघडलं तेव्हा ऑर्व्हल हसत बाहेर. खांद्याला कमी लाथ मारणारी घे असं डॉक्टरनं सांगितलं होतं, आणि मग डॉक्टरनंच विचारलं होतं, "सध्या कुठली वापरतोस?" उरलेला वेळ त्यातच गेला.

गाडीत मार्लिस म्हणाली, "ऑर्व्हल, या वर्षी एक मार. कुठल्याही बंदुकीनं मार, दगडानं मार. आणि मग एक हिवाळा माझ्याशी दुसऱ्या कशाबद्दल तरी बोल."

"दुसऱ्या कशाबद्दल?"

"ते मी सांगीन तेव्हा."

"बरं," तो म्हणाला. आणि खरंच, सिक्स-फाइव्ह परत आणली आणि ठरवलं, हीच शेवटची. सगळा सीझन तीच घेऊन हिंडला. एकदाही बदलायचं नाव काढलं नाही. मार्लिस मोजत होती, किती रविवार उरले.

शेवटच्या रविवारी तो पातळ जॅकेट घालून निघाला तर तिनं दारात अडवलं.

"छाती उघडी टाकून कुठं चाललास? ते जाड घाल."

"जाड्यात हात वळत नाही गं."

"वळव. मला एल्क हवाय, पण नवरा घालवून नकोय."

त्यानं जाड जॅकेट घातलं, खिसे चाचपले, काडतुसं हाताला लागली, खूश झाला, गेला. गेल्या वर्षी थ्री-हंड्रेड घेऊन तो हेच जाड जॅकेट घालायचा.

गॅलननं तिला काडतुसांचं हे इस्पितळाच्या व्हरांड्यात सांगितलं, टोपी हातात पिळत. शप्पथ हॉगनच्या दुकानापुरती होती, असं त्यानं मनाशी धरलं असावं. मार्लिस म्हणाली, "लोकांना काय सांगशील?"

"एल्क लांब होता, सांगीन. टप्प्याबाहेर."

"सांग तसंच."

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण. हॅमचे पाव, भाजलेले बटाटे, लेफ्साच्या पातळ पोळ्या, गोड वड्या, आणि कॉफी, जिच्यात आमच्याकडं दुःख बुडवतात. मार्लिसला बाया बसून राहा म्हणत होत्या, पण हात रिकामे ठेवून ती काय करणार, किटली घेऊन हिंडत होती. लोक येऊन हात धरायचे, "फार चांगला माणूस होता," म्हणायचे, आणि पुढच्या श्वासात विचारायचे, "त्या दिवशी कुठली होती त्याच्याकडं?" एकदोघांनी तर, आता त्या सिक्स-फाइव्हचं काय करणार, हेही विचारून घेतलं, तोंडातली वडी गिळायच्या आधी.

पुरुषांच्या टेबलावर गॅलन मध्ये सापडला होता. मार्लिस किटली घेऊन त्याच्या मागं आली.

"टप्प्याबाहेर म्हणजे किती?" हॉगन विचारत होता.

"सहाशे वार असेल."

"सहाशे? सिक्स-फाइव्हनं? ऑर्व्हल हजारावर वाजवायचा."

"वारा होता."

"कुठून?"

"पश्चिमेचा."

"त्या कड्याला पश्चिमेचा वारा लागत नाही," कोपऱ्यातनं एक जण म्हणाला. "मी बाप जिवंत होता तेव्हापासून बसतो तिथं."

"मग धुकं असेल," गॅलन म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"रविवारी? आभाळ काचेसारखं होतं की रे."

दुसऱ्या कुठल्या गावात ही थाप पचली असती. इथं प्रत्येकाच्या डोक्यात अंतर, वारा आणि गोळीचा उतार पाढ्यासारखा. त्यांनी ती थाप एल्क सोलतात तशी सांध्यासांध्यातनं सुटी केली. शेवटी हॉगन खुर्चीत मागं टेकला.

"म्हणजे जवळच होता," तो म्हणाला. "जवळ होता आणि ऑर्व्हलनं बार टाकला नाही. कापले हात त्याचे. होतं तसं काहींचं. ताटलीला शिंगं नसतात."

दोघंतिघं हसले. हळू, चर्चमध्ये हसतात तसं.

मार्लिस तिथंच उभी. खरं सांगावं तर त्यानं शेवटचं जे मागितलं तेच मोडतं. गप्प बसावं तर आमचा माणूस या टेबलावर भित्रा म्हणून कायमचा राहतो, आणि पुढच्या प्रत्येक पानगळीत त्या कॉफीबरोबर चघळला जातो.

"दोनशे वारांवर होता," ती म्हणाली. "आडवा."

सगळे वर बघायला लागले. गॅलननं डोळे मिटले.

"त्याचे हात कापले नाहीत. खिशात दुसऱ्या बंदुकीची काडतुसं होती. तुमच्या थ्री-हंड्रेडची, हॉगन. जॅकेट मी घातलं त्याला. आता हसा. मोठ्यानं हसा, मला घरी जायच्या आधी संपवायचंय हे."

सगळ्यांच्या कपात एकदम बघण्यासारखं काहीतरी पडलं होतं. मग तो कोपऱ्यातला म्हणाला, "मी एकदा बंदुकीचा बोल्टच, गोळी आत ढकलणारा, घरी विसरलो होतो. सहा तास गाडी चालवून गेलो होतो. बायकोला सांगितलं, बर्फ फार होता."

"आणि मला ते कळलं नाही, असं वाटलं तुला?" शेजारच्या टेबलावरनं त्याची बायको.

आता हसू आलं, आणि त्यात मार्लिसचंही होतं, नाक पुसत. गॅलननं डोळे उघडले.

पास्टर नवा होता, दूरच्या शहरातला, मासेसुद्धा न धरणारा. त्याला वाटलं, वातावरण हलकं झालंय, आपणही भाग घ्यावा. "मला एक सांगा हं," तो म्हणाला, "पण मग खरा चांगला बोअर कुठला? दोन्हीला चालेल असा?"

त्या तळघरात असा प्रश्न विचारणं म्हणजे कुत्र्यांच्या घोळक्यात हाड टाकणं. सगळ्यांनी हॉगनकडं बघितलं.

हॉगननं तोंड उघडलं. मिटलं. मग उठला, तिच्या हातातली किटली काढून घेतली, मागच्या मोरीपाशी गेला आणि बाह्या सारायला लागला. बाया भांडी पुसता पुसता थांबल्या. त्या मोरीपाशी पुरुष उभा राहिलेला त्यांनी कधी बघितला नव्हता, आणि त्यालाही ती नवीनच होती. तो एकदा या नळाकडं बघे, एकदा त्या.

"गरम डावीकडचं," मार्लिस म्हणाली.