सॉर्ट अधिक एक

आखाडा बाळापूरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मशीनं थोडी, पोरं फार, आणि लाइट तर पाहुण्यासारखी. ती गेली की सर आमच्याकडून कमांड पाढ्यांसारख्या म्हणवून घ्यायचे. ‘सॉर्ट, स्पेस, अधिक एक.’ म्हणजे पहिला रकाना सोड आणि दुसऱ्यावरून क्रम लाव. मला ते झोपेतही यायचं. अजून येतं, हेच दुखणं आहे.

हिंगोलीच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंटची पर्मनंट जागा निघाली. वडील सोबत आले आणि बाहेर बाकावर बसले. आत परीक्षकांनी विद्यार्थ्यांची फाइल दिली. नाव पहिल्या रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. आडनावावरून क्रम लावायचा. मी खुशीत टाइप केलं. मशीन म्हणालं, ‘+1’ नावाची फाइल सापडत नाही. पुन्हा तेच टाइप केलं, कारण हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. परीक्षक एकमेकांकडे बघून हसले. त्यातले एक म्हणाले, ही पद्धत नव्या स्टँडर्डनं कधीच बाद केली, आता ‘-k 2’ लिहायचं. बाद केली म्हणे. बसचं तिकीट वाढलं तरी कंडक्टर सांगतो. आम्हाला कोण सांगणार होतं?

वडिलांना मी खरं तेच सांगितलं, की शिकले ते बरोबर होतं, नियम बदलला. त्यांच्या लेखी ते नाचता येईना, अंगण वाकडं. बसमधून उतरल्यावर त्यांनी मला थेट सरांच्या दारात नेलं. सरांनी जुनं मशीन लावलं, तीच कमांड दिली, आणि यादी सुतासारखी सरळ लागली. मशीन जुनं आहे म्हणून चालतं, असं मी सांगून पाहिलं. सर माझ्याकडे न बघता वडिलांना म्हणाले, “माझ्याकडं तर बराबर चालून राहिलंय. पोरगी घाबरली असंल.” त्यांना नवा नियम ठाऊक नव्हता की ठाऊक असून बोलले, कोण जाणे. मला दोन्हींचा राग येतो.

वडिलांनी त्यांना हात जोडले.

मी नवी पद्धत स्वतःच शिकले, हाताला सवय होईपर्यंत. पुढं तसलीच जागा पुन्हा निघाली. मी वडिलांना म्हटलं, आता मला येतं.

ते म्हणाले, “तवाबी येतच व्हतं की तुला.”

त्यांनी मला जाऊ दिलं नाही.