बिनजाळीचा सायलेन्सर

नातीच्या गालावर मी दुसरी चापट मारली तरी तिने डोळे उघडले नाहीत. पहिली हलकी होती. दुसरी चार बोटं उठतील अशी मारली. तीन वर्षांची पोर, एरवी कुणी नुसते डोळे वटारले तरी इमारत डोक्यावर घेते. आता तिची मान माझ्या दंडावरून लोंबली आणि तशीच राहिली.

"अरे, ही उठत नाही," मी मुलाला म्हणाले. तो पुढे गाडी चालवत होता. चालवत म्हणजे काय, पूनमल्ली हाय रोडवर गाड्या अर्ध्या तासापासून एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

"झोपू दे तिला," तो म्हणाला. आवाज जड, जीभ टाळूला चिकटल्यासारखा. कपाळ त्याने स्टिअरिंगवर टेकवलं होतं.

माझंही डोकं ठणकत होतं. पहाटे उठले म्हणून असेल, चहा झाला नाही म्हणून असेल, असं मी कोयंबेडूच्या बाजारापासून स्वतःला सांगत आले होते. दार उघडायला हात उचलला, तो हँडलपर्यंत गेला आणि तिथून घसरला.

भोगीचा दिवस होता. चेन्नईत भोगीच्या सकाळी लोक घरातलं जुनंपानं दारात जाळतात. चटया, केरसुण्या, कुणी टायरसुद्धा. शहरभर धूर आणि त्यात धुकं. पोरीला धुराने खोकला होतो म्हणून आम्ही चारही काचा बंद करून एसी लावला होता. बाहेरची हवा येऊ नये म्हणून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं होतं. ते दाबायला मीच सांगितलं.

आम्ही गलाईवाले. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात घालायचं, शुद्ध करून द्यायचं, हे आमचं काम. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या भागातून या कामासाठी माणसं देशभर गेली. माझा नवरा चेन्नईच्या सौकारपेठेत आला आणि लग्न झाल्यावर मी आले. शाळा चौथीपर्यंत. तमिळ भाजीबाजारात शिकले. नवरा गेल्यापासून दुकान मुलगा बघतो.

गलाईवाल्याच्या घरात काही फेकत नाहीत. दुकानातला केर आम्ही पोत्यात भरून ठेवतो आणि वर्षाकाठी जाळून त्यातले सोन्याचे कण काढतो. पायपुसणं जाळून काढतो. हात धुतलेल्या पाण्याचा गाळ सुकवून काढतो. चाळीस वर्षं हेच केलं की कुठलीही वस्तू दिसली तरी आत काय आहे, हेच आधी मनात येतं.

आमची गाडी जुनी, तीही दुसऱ्याच्या हातची. नोव्हेंबरच्या पावसात ती तीन दिवस रस्त्यावरच्या पाण्यात उभी राहिली. इंजिन वाचलं, सायलेन्सर गंजून फुटला. गाडी सुरू केली की ट्रॅक्टरसारखा आवाज यायचा. समोरच्या बाई गॅलरीत येऊन दोन्ही कान धरायच्या आणि आम्ही वर बघितलं की हसून दाखवायच्या.

मुलगा आणि मी पुदुपेट्टैला गेलो. तिथे गल्ल्याच्या गल्ल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या आहेत. मला नेलं कारण त्याला भाव करता येत नाही, सांगतील ते देऊन येतो. सायलेन्सरवाला पन्नाशीचा, शांत माणूस होता. गाडी खड्ड्यावर घेऊन त्याने खालून बघितली आणि तीन गोष्टी सांगितल्या. एक, कंपनीचा अख्खा नवा सायलेन्सर. त्याची किंमत ऐकून मी स्टुलावरून उठले. दोन, आमच्या गाडीचा फक्त मागचा डबा फुटलाय, पुढची जाळी शाबूत आहे. ती ठेवून मागे साधा डबा जोडायचा. तीन, जाळी वगैरे काही नाही, पुढपासून मागपर्यंत नुसता पाइप आणि डबा. हे सगळ्यात स्वस्त. मी परत बसले.

जाळी म्हणजे काय, असं मी विचारलं. त्याने कोपऱ्यातला एक कापलेला तुकडा आणून दाखवला. लोखंडी डब्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी मातीची जाळी. धूर तिच्यातून जाताना साफ होतो, असं तो म्हणाला. मुलगा माझ्या कानाशी वाकून मराठीत म्हणाला, आई, ह्यात प्लॅटिनम असतं. सायलेन्सरवाला हसला. मराठी येत नसलं तरी तेवढा शब्द त्याला कळला. जुनी जाळी इथे ठेवून जाणार असाल तर पाइप जवळजवळ फुकट देतो, असं तो लगेच म्हणाला.

ते ऐकल्यावर मी कशाला ठेवते? जो माणूस न मागताच एवढी सूट देतो, तो त्यातून त्याच्या दुप्पट काढणार. जाळी काढ, पण आमच्या पिशवीत घाल, असं मी सांगितलं.

"अम्मा, जाळी काढली तर धुराच्या चाचणीत गाडी नापास होईल," तो म्हणाला.

चाचणीला आठ महिने आहेत, मुलगा म्हणाला. मग त्या माणसाने जाळी कापून पिशवीत घातली. पाइप दुसऱ्या कुठल्या गाडीच्या मापाचा होता, बंपरच्या आतच वीतभर थांबला. पुढे तुकडा जोडून देतो, पण वेल्डिंगचे वेगळे पडतील, असं त्याने सांगितलं. धूर मागेच जातोय ना, मग वीतभर इकडे काय आणि तिकडे काय, असं मी म्हणाले. हे माझे शब्द आहेत. मुलाच्या नावावर खपवणार नाही.

सून माझ्या भावाचीच मुलगी, मला आत्या म्हणते. शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी पिशवीतली जाळी बघून तिने कपाळावर हात मारला. त्या धुरात विषारी वायू असतो आणि जाळी तेवढ्यासाठीच असते, असं तिने नवऱ्याला समजावून सांगितलं. मी म्हणाले, जन्म तेजाबाच्या वाफेत गेला, आम्हाला धूर शिकवू नकोस. वाईट धूर असेल तर नाकाला कळतो.

"तुमच्या दोघांच्या नाकाला?" ती म्हणाली. "मोगरा धरला तरी तुम्हाला तेजाबच आठवेल, आत्या."

पुढच्या रविवारी आम्ही मायलेकांनी जाळी कुटली, तेजाबात घातली, गाळली, आटवली. करंगळीच्या नखावर मावेल एवढी राखाडी भुकटी निघाली. पांढऱ्या धातूचं काम आमच्या हातचं नव्हे. अर्धंअधिक माल तेजाबातच राहिला असणार. तरी महिनाभर मी ती कागदाची पुडी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते.

महिनाभर गाडीत कुणाला काही झालं नाही. डिकी बंद असायची, काचा उघड्या असायच्या.

भोगीला आम्ही ऊस आणायला कोयंबेडूला गेलो. तिथे पोंगलसाठी उसाच्या मोळ्या येतात. जांभळा ऊस, माणसाहून उंच, पाल्यासकट. आम्हाला तुकडेच लागतात, संक्रांतीच्या सुगडांत घालायला आणि नातीच्या बोरन्हाणाला. पण मोळी घेतली तर स्वस्त पडते. शिवाय शेजारणींना पोंगलच्या मडक्याजवळ उभा करायला अख्खा ऊस हवा असतो, त्यांना अर्धी मोळी देता आली असती. ऊसवाला म्हणाला, मधोमध तोडून देतो, गाडीत बसेल. मी तोडू दिला नाही. मागची अर्धी सीट पाडली, मोळी आत सरकवली, पाला डिकीबाहेर राहिला. डिकीचं दार उघडंच ठेवून सुतळीने बांधलं. दुसऱ्या अर्ध्या सीटवर मी, मांडीवर पोर. तिचे पाय उसाला लागत होते.

वास आला होता. खोटं कशाला लिहू. जळका वास सारखा येत होता. पण सगळं शहर जळत होतं, तो भोगीचाच असणार असं धरून चालले.

मुलगा 'झोपू दे' म्हणाला तेव्हा मला ते पूर्वी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. माझ्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. पावसाचे दिवस होते. गावाकडचे दोन कामगार दुकानाचं दार लावून कोळशाच्या भट्टीशेजारी झोपले. सकाळी नवऱ्याने दार फोडलं तेव्हा एक गेला होता. दुसऱ्याला हलवलं तर तो म्हणत होता, झोपू द्या. त्याचे गालही आता पोरीचे दिसत होते तसेच लाल झाले होते.

हात चालत नव्हते म्हणून मी हँडलवर कोपर दाबलं आणि दोन्ही पायांनी दार लाथाडलं. ते शेजारच्या रिक्षेवर आपटलं. रिक्षावाला शिव्या देत उतरला. मी पोरीला छातीशी धरून रस्त्यावर पडले. काय बोलले ते आठवत नाही, तमिळमध्ये बोलले की मराठीत तेही नाही. त्याने पोरीकडे बघितलं आणि शिव्या थांबवल्या. मुलाला ओढून बाहेर काढलं, गाडी बंद केली, आम्हाला तिघांना रिक्षेत कोंबलं. गाडी तिथेच रस्त्यात राहिली. रिक्षा फुटपाथवरून घालताना तो मागे वळला आणि तमिळमध्ये आजी म्हणून हाक मारून म्हणाला, "पाट्टी, डिकी उघडी ठेवून धूर आत घेत बसला होतात?"

सरकारी इस्पितळ जवळ होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या नातीएवढी मुलगी घरी असेल अशा वयाच्या. त्यांनी पोरीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, रक्त काढलं, मग आम्हा दोघांना मास्क लावून आडवं केलं. मी आडवी राहिले नाही. मास्क काढायचे, उठून पोरीच्या खाटेपाशी जायचे, नर्स ओढून आणायची. असं सात-आठ वेळा झालं. शेवटी नर्सने माझी खाटच पोरीच्या खाटेला लावली. तरी मी पडून राहू शकले नाही. तिच्या पायाचा अंगठा धरून बसले आणि चिमटे काढत राहिले. पाय मागे घेते का, एवढंच बघायचं होतं. ती घेत नव्हती.

सून आली तेव्हा तिच्या हाताला बाजरीचं पीठ होतं, भोगीच्या भाकऱ्या टाकून आली होती. ती रडली नाही. डॉक्टरीणबाईंशी बोलली, मग आमच्याकडे आली.

"जाळी काढा असं कुणी सांगितलं?"

"मी," मुलगा म्हणाला.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "ऊसही मीच तोडू दिला नाही."

तिने मी काढून ठेवलेला मास्क उचलला. मग म्हणाली, "तुम्ही मास्क लावा, आत्या." आणि स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यामागे त्याचं इलॅस्टिक बसवलं. जोरात बसवलं, केस ओढले गेले.

दुपारी दोनच्या सुमाराला मी चिमटा काढला आणि पोरीने पाय मागे घेतला. मी पुन्हा काढला. तिने पुन्हा घेतला, आणि मास्कच्या आत तोंड वाकडं केलं. मग ती ओकली, मग आईला हाक मारली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बरं आहे, पण काही आठवडे लक्ष ठेवा. विसरते का, अडखळते का, चालताना झोक जातो का, बघत राहा.

ते मी नको तेवढं केलं. तीन आठवडे पोरीला दुपारची झोप लागू दिली नाही. डोळा लागला की हलवायचे, हा कोण, ती कोण, बोटं किती, असं विचारायचे. पोर चिडून माझ्या हाताला चावली. सुनेने एके दिवशी तिला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली. मी दाराला कान लावून उभी राहिले. आतून पोरीचं घोरणं ऐकू येत होतं, सुनेचंही. मी तिथून हलले नाही.

रस्त्यातून घरी आणलेली गाडी महिनाभर तशीच उभी होती. मग मुलगा आणि मी परत पुदुपेट्टैला गेलो. त्या माणसाने आम्हाला ओळखलं. मी झालेलं सांगितलं तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला. चाचणीचं सांगितलं होतं, जिवाचंही सांगायला हवं होतं, असं तो म्हणाला. मी म्हणाले, सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. घरी एक सांगणारी होतीच.

यावेळी मी भाव केला नाही. नवी जाळी, तिच्यामागे साधा डबा, आणि पाइप बंपरच्या बाहेर चार बोटं. वेल्डिंग झाल्यावर मी त्याला गाडी सुरू करायला लावली आणि प्रत्येक सांध्यापाशी साबणाचं पाणी लावून घेतलं. बुडबुडा येत नाही हे स्वतः खाली वाकून बघितलं. सून सोबत आली नव्हती. तिने पावती तेवढी मागून घेतली आणि त्यावर जाळीचं नाव लिहिलंय का ते वाचलं.

प्लॅटिनमची पुडी मी विकली. कितीला, ते लिहीत नाही. डिकी उघडी ठेवून आमच्याकडे आता काही आणत नाहीत. ऊस तोडून आणतात.

त्या दिवशी गाडीत माझा मुलगा होता, माझी नात होती आणि मी होते. तिघंही जगलो.