आत्या, आजोबा आणि रिलेचं टक्

घरातल्या सगळ्यांचे आवाज मी काढते, पण आत्याचं ‘नांदेल’ काही केल्या जमत नाही. स्क्रूखाली वायर आवळली की ती तिला एक हिसका द्यायची. वायर टिकली की नाकातल्या नाकात म्हणायची, "नांदेल." सगळी नोकरी तिने कंट्रोल पॅनेलच्या कारखान्यात वायरिंग करण्यात काढली. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणे, "हिसका द्यायला कुणी उभंच राहिलं नाही."

आजोबा, म्हणजे तिचे वडील, गच्चीवरच्या कुंड्यांचे धनी. साध्या गुलाबावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरायचा, म्हणजे कोंबाचं कलम बांधायचा, त्यांना नाद. दरवर्षी डोळे वाळायचे आणि दरवर्षी आजोबा हवेला दोष द्यायचे. शेवटी एक डोळा धरला, आणि त्याच आठवड्यात जिन्यात पाय घसरून आजोबांचा खुबा मोडला. आता गच्ची बंद.

"त्याला रोज घोटभर पाणी लागतं," ते पलंगावरून म्हणाले. "सुकला तर गेला, चिखल झाला तरी गेला. आणि तुझ्या भावावर सोपवू नकोस. त्याला स्वतःला तहान लागलेली कळत नाही."

"बाबा, मी पंप लावते."

आत्याने गच्चीवरच्या पिंपात मुठीएवढा पंप सोडला आणि त्याची नळी कुंडीत नेली. जुन्या स्कूटरची बॅटरी, टायमर आणि रिले, म्हणजे विजेने टक् करून हलणारा खटका, आजोबांच्या उशाशी मांडले. रोज सकाळी टायमर रिलेला उठवणार, रिले पंप चालू करणार आणि जरा वेळाने दोघंही झोपणार.

"उशाशी करंट?" आजोबा भिंतीकडे सरकले.

"बारा व्होल्टचा. मुंगी याहून जोरात चावते."

बॅटरी जोडून ती चहा घ्यायला बसली. आजोबा छताकडे बघत म्हणाले, "पाणी वाजतंय."

"उद्या सकाळी वाजेल."

"मला आजच वाजतंय."

आत्या बशीत चहा ओतत होती, तेवढ्यात जिन्यावरून पाणी खाली आलं. अगदी सावकाश, पाहुणा यावा तसं.

चूक आत्याच्या हाताची होती, डोक्याची नव्हे. रिलेत वीज जायला दोन वाटा असतात. एक तो झोपलेला असताना उघडी, दुसरी तो जागा झाल्यावर. कारखान्यात तिने आयुष्यभर भट्टीच्या पंख्यांची पॅनेलं केली. रिले मेला तरी पंखा थांबता कामा नये, म्हणून तिथे कायम पहिली वाट. इथेही हात सवयीने तिकडेच गेला. रिले झोपलेला, पंप चालू.

"तुझ्या पंख्यांनी माझा गुलाब बुडवला," आजोबा म्हणाले. आत्याने वर जाऊन कुंडी आडवी केली, माती बदलली आणि खाली येऊन वायर दुसऱ्या वाटेला लावली. हिसका दिला, पण ‘नांदेल’ काही म्हणाली नाही.

गुलाबाची पानं गळली. काडी तेवढी उरली.

"आज आभाळ आलंय हे तुझ्या टायमरला काय कळणार," आजोबा कुरकुरले. "मला खिडकीतून दिसतं."

मग आत्याने टायमरचं सकाळचं उठणं काढून टाकलं आणि दारावरच्या घंटीचं बटण आजोबांच्या हाताशी बसवलं. त्यांनी दाबायचं, बंद मात्र टायमर करणार. त्या सकाळी आठवल्या की मला अजून ते सगळं जसंच्या तसं ऐकू येतं. आजोबांचा खाकरा. खिडकीचा पडदा. टक्. "निघालं." जरा वेळाने पुन्हा टक्. "पोचलं." मग जिन्याकडे तोंड करून, "आहे का गं?" आणि वरून आत्या, "आहे." आजोबांना काडी दिसत नव्हती, आत्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. तो आवाज रोज थोडा बारीक होत गेला.

एके दिवशी ‘पोचलं’ झालं, ‘आहे का’ झालं, पण वरून उत्तरच नाही. आजोबा कोपरावर उठून बसले. जिन्यावर जड पावलं वाजली. आत्या अख्खी कुंडी कडेवर घेऊन आली आणि तिने ती पलंगावर, थेट चादरीवर टेकवली. बांधलेल्या डोळ्यातून नखाएवढा लालसर कोंब फुटला होता.

आजोबांनी चष्मा लावला. दोन बोटांत काडी धरून तिला अलगद हिसका दिला.

"नांदेल," ते म्हणाले.

"नांदेल," आत्या म्हणाली, "पण तुम्ही रोज हिसका देऊ नका."