वाण घेतलेल्या बाई

राज्याची दोन राज्ये झाली तेव्हा आमचे ऑफिसही विभागले गेले, आणि मला फाइल लिहायला शिकवणाऱ्या बाईंनी पन्नाशीत गुप्तहेर व्हायचे ठरवले. मी घरातला पहिला पदवीधर, लहान गावातून आलेला. त्या माझ्या धुळकट चपलांकडे बघून म्हणायच्या, "बरकतपुऱ्याहून चालत आलास ना? हौ म्हण की!" त्यांचा अंदाज कधी चुकायचा नाही.

कोठी भागातल्या एका खासगी गुप्तहेराने त्यांची आधी परीक्षा घ्यायचे ठरवले. एका मुलाकडच्यांसाठी मराठी मुलीची गुपचूप चौकशी करायची होती. जमले तर नोकरी पक्की. बाई सरळ त्या घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या. कोण, कुठल्या, हे कुणीच विचारले नाही. मुलीच्या आईने कुंकू लावले, हातात वाण दिले, आणि बाईंना राहवेना.

"ताई, मी तुमच्या मुलीची चौकशी करायला आलेय. तुमचं वाण घेतलं, आता लपून विचारणं बरं नाही."

आईने हातातले तबक खाली ठेवले. मग म्हणाली, "आधी एक साखरपुडा मोडलाय. सांगा त्यांना. आमचीच जीभ रेटत नव्हती."

बाईंनी सगळे जसेच्या तसे सांगितल्यावर गुप्तहेर कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, जासूस अपना नाम बताता क्या? नक्को, ये काम तुम्हारा नहीं."

बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याशेजारी फायली चाळत बसल्या. आठवड्याने त्यांना कोठीतून बोलावणे आले. मोडलेल्या साखरपुड्याचे कळूनही लग्न ठरले होते, आणि मुलाच्या वडिलांनी निरोप ठेवला होता, "धाकट्याच्या वेळीही याच बाईंना पाठवा."