पहिला भाव कुणी घेत नाही

गांधीबागेतल्या आमच्या ठोक कापडाच्या बाजारात कुणी शांतपणे सौदा करताना दिसला, तर शेजारचा दुकानदार विचारायचा, तब्येत बरी आहे ना? मी या बाजारात डोक्यावर गठ्ठे वाहत आलो. कापड ओळखायला नंतर शिकलो, ओरडायला आधी. आपण भाव सांगायचा तो असा की गिऱ्हाइकानं कपाळावर हात मारावा. त्यानं मागायचा तो असा की आपण थान गुंडाळायला घ्यावं. मग एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार होतो, तो उठतो, चपला घालतो, जिन्याकडे निघतो, आणि आपण म्हणतो, "बस ना गा, चहा तरी पिऊन जा." चहा येईपर्यंत सौदा झालेला असतो. पहिल्या शब्दावर इथे कुणी विश्वास ठेवत नाही. तो ठेवायचा नसतोच.

या रागावर मी दुकान उभं केलं, वरचा मजला घेतला, घर बांधलं. त्यामुळे राग वाईट असतो हे मला कुणी पटवू शकलं नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली, तिच्यासाठीही मी औषधवाल्याशी घासाघीस केली. बायको फोनवर आलेले सुविचार वाचून दाखवायची. राग आला की डोळे मिटा, म्हणे. मी म्हणायचो, डोळे मिटले की गिऱ्हाईक शेजारी जाऊन बसते.

आमची एकुलती एक मुलगी शिकून दुकानात आली तेव्हा मला फार आनंद झाला. तिला तसं म्हटलं मात्र नाही. माल आवडला हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, ही सवय.

तिनं प्रत्येक थानाला भावाची चिठ्ठी लावली. गावोगावच्या दुकानदारांना फोनवर मालाचे फोटो पाठवू लागली. विक्री वाढली, ते मी नाकारत नाही. बाजारही बदलतच होता. सुरतचा व्यापारी आता फोनच्या पडद्यावरच साड्या उलगडून दाखवायचा. एकदा मी त्याच्यावर मनसोक्त ओरडलो. बऱ्याच वेळानं मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, त्यांनी आपला आवाज केव्हाचाच बंद केला. पाहा ना, ते पोळी खाऊन राहिले." पडद्यावरून उठून जाता येत नाही. गेलो तरी त्याला काय दिसणार होतं?

लग्नसराईत उमरेडचा एक दुकानदार आला. माझं जुनं गिऱ्हाईक. आमचं नेहमीचं सुरू झालं. मी थान आपटलं, तो उठायच्या बेतात होता, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, भाव चिठ्ठीवर आहे. सगळ्यांना तोच. बसा, पाणी घ्या."

तो माझ्याकडे वळला. "काहून गा, दुकान पोरगी चालवून राहिली, तू काय पंख्याखाली हवा खाले बसला?"

तो हसत होता. यापेक्षा जहरी मी त्याला किती वेळा ऐकवलं होतं. पण त्या दिवशी ते लागलं. मी त्याच्यावर नाही, मुलीवर ओरडलो. "चार पुस्तकं वाचून मले धंदा शिकवते? दुकान माझं आहे. पटत नसेल तर जा, कर कुठं नोकरी." आणि उठलो, चपला घातल्या, जिना उतरलो. हळूहळू उतरलो. खाली चहाच्या टपरीवर अशा जागी बसलो की वरच्या खिडकीतून दिसेन. खिडकीत कुणी आलं नाही. उमरेडवाला चिठ्ठीवरच्या भावानं माल घेऊन माझ्या समोरून गेला आणि जाताना नमस्कार करून गेला.

संध्याकाळी घरी ती माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, मी मुद्दामच तुम्हाला बोलावलं नाही. माणूस रागात असला की त्याला थोडं एकटं सोडावं."

ती हे मायेनं सांगत होती, आता कळतं. आमच्या बाजारात उठून गेलेल्याला हाक मारली नाही, तर त्याचा अर्थ एकच होतो, तुझी गरज नाही.

"मी बोललो ते बोललो," मी म्हणालो.

"म्हणजे नोकरी शोधू मी?"

"शोध."

मग मी वाट पाहत बसलो. ती एक बोलेल, मी एक बोलेन, ती थोडी रडेल, मी उतरेन. कुठवर उतरायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. चिठ्ठ्या राहू द्यायच्या, फक्त जुन्या गिऱ्हाइकांशी मी बोलणार. एवढंच मागणं होतं माझं. ती उठली आणि झोपायला गेली.

थोड्याच दिवसांत तिला विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. सकाळी ती गाडी काढून एकीकडे जायची, मी दुसरीकडे. मी जेवताना बोलेनासा झालो. एकदा बायको चिडली. "तुम्हीच म्हटलं जा, तं गेली. आता काहून तोंड पाडून बसले?"

"तिले समजाले पाहिजे होतं."

"कसं समजन? पोरगी आहे ते, तुमचं गिऱ्हाईक नाही."

नंतर एका रविवारी चहा घेताना मुलगी म्हणाली, "कंपनी पुण्याला पाठवून राहिली, बाबा. मी हो म्हटलं."

आयुष्यात पहिल्यांदा मी शेवटचा भाव आधी सांगितला. "नको जाऊ. दुकानात ये. तुझ्या चिठ्ठ्या राहतील. दुकान तुझंच आहे."

तिनं कप खाली ठेवला. "तेव्हा म्हटलं असतं तर आलीच असती. मी किती दिवस सकाळी मुद्दाम उशिरा निघत होती. वाटायचं, जाताना चल म्हणतील."

"तू एकदा विचारायचं होतं."

"विचारलं ना. नोकरी शोधू का म्हणून."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला काही करता आलं असतं.

ती पुण्याला गेली. माझं अजूनही म्हणणं आहे की तिनं एकदा तरी भांडायला हवं होतं. गठ्ठे वाहून कमावलेलं दुकान कुणी असं एका शब्दावर सोडून देतं का? हे मी बायकोला ऐकवतो, दुकानातल्या माणसांना ऐकवतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की स्वतःलाही ऐकवतो, आणि तिथे ते चालत नाही. कारण लहानपणी तिनं सायकल मागितली, मी म्हटलं उद्या, आणि दुसऱ्या दिवशी सायकल दारात होती. नाटकात काम करू का म्हणाली, मी नाही म्हटलं, तर पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. साऱ्या बाजाराशी मी घासाघीस केली, पण घरात तिच्याशी कधी केली नाही. तिच्यासाठी माझा पहिला शब्द हाच शेवटचा असायचा. तिनं तोच धरला.