निकषाबाहेरची

तुमसर-भंडारा बसमध्ये ती नेहमी भेटायची. जागा असली तरी बसायची नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी असायची. तिच्या लेकीला ऑटिझम आहे. नीट बोलणाऱ्यांना या निदानातून वगळायचं घाटतंय, असं कळल्यापासून ती भेटेल त्याला विचारायची, "बोलता येते म्हणून तरास नाही का तिले?" उत्तराआधीच दुसऱ्याकडे वळायची. तिच्या त्या घाईने मीही अस्वस्थ व्हायचो.

भंडाऱ्यात याच विषयावर सभा होती. तिने मलाही नेलं. व्यासपीठावरचे डॉक्टर म्हणाले, "ज्याला सगळं बोलता येतं, त्याला हे निदान हवंच कशाला?"

ती पुढे गेली. "सर, मी बी लेकीसारखीच आहो. लहानपणापासून लोकं मले येडी म्हणत. लेकीले तपासताना माह्यं बी निदान झालं, तवा समजलं मी येडी नाही. ते निदान काहून हिसकून राहिले?"

कोणीतरी तिच्यापुढे माईक धरला. तो कर्कश किंचाळला. ती कान दाबून, डोळे मिटून खालीच बसली. थरथरत होती. कितीतरी वेळाने ती उठली.

"पाहलं ना सर?" ती म्हणाली. "बोलता तर मले येतेच."