रिटर्न तिकिटामागचा पत्ता
व्हिनेगर मारलेल्या गरम चिप्सचा वास आला की लीड्समधली एक संध्याकाळ आठवते आणि माझं डोकं तापतं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. हॉस्पिटलच्या लॅबमधलं काम संपलं की मी एकटीच शहर पालथं घालायची, कारण खोलीवर बोलायला कुणी नव्हतं. त्या दिवशी मार्केटच्या दारात चिप्स खात उभी होते, तर मागून मराठी ऐकू आलं, "अहो, कोथिंबीर विसरलात!" मी धावतच गेले. पुण्याचे डॉक्टर आणि त्यांची बायको. बाई म्हणाल्या, "एकटी राहतेस? रविवारी गणपतीला ये गं, मोदक करतेय." गणपती मी मानत नव्हते, पण पोटभर मराठी बोलायला मिळणार होतं. त्यांनी माझ्या बसच्या रिटर्न तिकिटामागे पत्ता लिहून दिला. मग डॉक्टरांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठे. "बौद्धवाड्यात," मी म्हटलं. लपवायचं काय त्यात! डॉक्टर बायकोला म्हणाले, "अगं, रविवारी मी ऑन-कॉल आहे ना." बाई गोड हसल्या, "बघू, पत्ता चुकला वाटतं," आणि तिकीट माझ्या हातातून घेऊन पर्समध्ये टाकलं. तिकीट माझं होतं, परतीच्या बसचं. पावसात चालत खोली गाठली. परवा लंडनजवळच्या इल्फर्डला जातिभेदाविरुद्धची पत्रकं वाटताना एक गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, इंग्लंडात कुठली आलीय जात?" मी त्यांना दोन पत्रकं दिली, एक घरी बायकोला वाचायला.